पिनहोल कॅमेरा घरी कसा बनवायचा आणि त्याच्याकडून प्रकाश कसा शिकायचा

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात पिनहोल कॅमेऱ्याची आकृती असते: इकडे मेणबत्ती, मध्ये भोक, पलीकडे उलटी मेणबत्ती. मुलं ती परीक्षेत बिनचूक काढतात, खाली ‘प्रकाश सरळ रेषेत जातो’ असं लिहून मार्कही मिळवतात. पण समोरच्या गच्चीवर वाळत घातलेली साडी आपल्या खोक्यातल्या पडद्यावर उलटी, रंगासकट, वाऱ्याने हलताना दिसते तेव्हा मुलांच्या तोंडून जो आवाज निघतो, तो आकृती काढताना कधी निघत नाही. त्यासाठीच हा खोका हातांनी करायचा.

माझा यात एकच आग्रह आहे. हा कॅमेरा बघून ठेवून देण्याचं खेळणं नाही. त्याला एका वेळी एकच प्रश्न विचारायचा आणि उत्तर बघण्याआधी आपला अंदाज वहीत लिहायचा. अंदाज चुकला तर फारच उत्तम, शिकायला मिळतं ते तिथेच. इंदूरच्या उन्हाळी सुट्टीत दुपारी मुलं बाहेर जाऊ शकत नाहीत आणि बाहेर ऊन मात्र भरपूर असतं, म्हणजे या कामाला लागतं ते सगळं आपल्याकडे आहे.

सामान

बुटाच्या खोक्याचा किंवा त्याहून थोडा जाड पुठ्ठा, काळा चार्ट पेपर, बटर पेपर, फेविकॉल, काळी इन्सुलेशन टेप, स्टीलची पट्टी, कटर, कोल्ड्रिंकचा रिकामा ॲल्युमिनियमचा कॅन, बारीक पॉलिश पेपर आणि हाताने शिवायच्या सुयांचं एक पाकीट. चार्ट पेपर आणि बटर पेपर खजूरी बाजारात एका फेरीत मिळतात, टेप कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात. पाकिटात वेगवेगळ्या नंबरच्या सुया असतील असं बघा. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबरची साधारण ०.६ मिलिमीटर जाड असते, १० नंबरची ०.४५ च्या आसपास. हे आकडे पुढे कामाला येतील.

बघायचा खोका

एकात एक सरकणाऱ्या दोन चौकोनी नळ्या करायच्या. बाहेरच्या नळीसाठी ४२ सेंटीमीटर लांब, २० सेंटीमीटर रुंद पुठ्ठा घ्या. लांबीवर दर १० सेंटीमीटरला रेघ मारा, चार बाजू होतील आणि शेवटी २ सेंटीमीटरची पट्टी चिकटवायला उरेल. रेघेवर कटर हलकेच फिरवून घ्या म्हणजे घडी सरळ बसते, पण पुठ्ठा आरपार कापू नका. आतल्या नळीची प्रत्येक बाजू ९.६ सेंटीमीटर धरा. पुठ्ठा फार जाड असेल तर ९.५ करा. नळी सरकली पाहिजे, पण आपोआप घसरता कामा नये.

दोन्ही नळ्या आतून काळ्या करायच्या. पुष्कळजण हा भाग उरकून टाकतात आणि मग चित्र फिकं आलं म्हणून वैतागतात. भोकातून आलेला थोडासा प्रकाश पांढऱ्या पुठ्ठ्यावर आपटून सगळीकडे पसरतो आणि पडद्यावरचं चित्र धुऊन काढतो. काळा चार्ट पेपर चिकटवा किंवा काळा पोस्टर कलर दोन हात द्या. चकाकणारा ऑइलपेंट नको.

आतल्या नळीच्या एका तोंडावर बटर पेपर ताणून चिकटवा. हा पडदा. बाहेरच्या नळीचं एक तोंड पुठ्ठ्याने बंद करा, मधोमध २ सेंटीमीटरची चौकोनी खिडकी कापा. भोकाचा पत्रा या खिडकीवर टेपने लागेल, म्हणजे पत्रे बदलता येतील. आतली नळी पडद्याच्या बाजूने आत सरकवा आणि तिच्या उघड्या तोंडाला डोळे लावा. तोंड आणि चेहरा यांच्यामधली फट काळ्या कापडाने झाका, नाहीतर मागचा उजेड पडद्यावर पडतो.

भोक पाडणं

सगळ्या कामात जपून करायचं ते हेच. कॅनच्या भिंतीतून ३ सेंटीमीटरचा चौकोन कात्रीने कापा, कडा बोट कापतात म्हणून मोठ्या माणसाने कापा. पत्रा जुन्या वहीवर ठेवा, सुई उभी धरा आणि बोटांत गोल फिरवत हलका दाब द्या. सुई आरपार घुसवायची नाही, फक्त टोकाने पलीकडे बारीक फुगवटा आला पाहिजे. पत्रा उलटा करून तो फुगवटा पॉलिश पेपरने घासा. धातू पातळ होऊन एक कण उघडेल. आता याच बाजूने सुईचं टोक टेकवा, फिरवा, पुन्हा घासा. असं दोन्ही बाजूंनी करत हवा तो आकार गाठा.

मग पत्रा उजेडासमोर धरून भिंगातून बघा. भोक गोल हवं आणि त्याच्या कडेला धातूचा कुसळासारखा तुकडा राहिलेला नको. मापायचं असेल तर पट्टीच्या मिलिमीटरच्या खुणांशेजारी पत्रा ठेवून मोबाइलने जवळून फोटो काढा आणि मोठा करून ताडून बघा. स्कॅनर असेल तर आणखी सोपं: २४०० डीपीआयला (म्हणजे इंचाला २४०० ठिपके) १ मिलिमीटर म्हणजे साधारण ९४ पिक्सेल. शेवटी पत्र्याची आतली बाजू मार्करने काळी करा.

पहिल्या खोक्यासाठी असे चार पत्रे करा: भोकं ०.५, १, २ आणि ५ मिलिमीटरची. डोळ्याने बघायला १ मिलिमीटरचा पत्रा लावून सुरुवात करा, ०.५ चं चित्र सुरुवातीला फार अंधारं वाटतं.

एक सूचना इथेच देतो आणि ती घरातल्या प्रत्येक मुलाला तोंडपाठ हवी. भोकातून सूर्याकडे कधीही बघायचं नाही. बघायचा तो पडद्यावरचा प्रकाश, आणि तोही खोका सूर्याकडे न वळवता. सूर्याचा प्रयोग वेगळा आहे, त्यात पाठ सूर्याकडे असते.

खोक्याला विचारायचे प्रश्न

सावलीत उभं राहून खोका उन्हातल्या भिंतीकडे, झाडाकडे, रस्त्याकडे वळवा. डोळ्यांना अर्धा मिनिट सवय होऊ द्या. चित्र उलटं दिसेल. आता मुलाला विचारा, रस्त्यावरून डावीकडून उजवीकडे जाणारी रिक्षा पडद्यावर कुठून कुठे जाईल? चित्र वरखाली उलटं होतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण डावं-उजवंही उलटतं हे बहुतेक जण विसरतात. दोन्हींचं कारण एकच. वरून निघालेला किरण भोकातून गेल्यावर खालीच पोचू शकतो आणि डावीकडून निघालेला उजवीकडेच.

मग आतली नळी मागे ओढा. पडदा भोकापासून ५ सेंटीमीटरवर असताना चित्र जेवढं होतं, त्याच्या दुप्पट उंच ते १० सेंटीमीटरवर होईल. उजेड मात्र निम्मा होणार नाही, चौथाई होईल, कारण तेवढाच प्रकाश दुप्पट उंची आणि दुप्पट रुंदीवर पसरला. प्रकाशाचा व्यस्त वर्गाचा नियम मोठी माणसंही आकड्यांत शिकलेली असतात, इथे तो डोळ्यांना दिसतो.

यातूनच उंची मापता येते. चित्राची उंची आणि पडद्याचं भोकापासूनचं अंतर यांचं जे गुणोत्तर, तेच इमारतीची उंची आणि तिचं आपल्यापासूनचं अंतर यांचं. समजा पडदा १५ सेंटीमीटरवर आहे, चित्र ३ सेंटीमीटर उंच आहे आणि इमारत ४० मीटरवर आहे. तर इमारत ८ मीटर उंच. बटर पेपरवर पेन्सिलीने सेंटीमीटरच्या रेघा आधीच मारून ठेवा. इंदूरच्या राजवाड्यासमोरच्या बागेत, अहिल्याबाईंच्या पुतळ्याजवळून हा प्रयोग फार छान होतो. वाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी आहेत. दगड कुठे संपतो ते पडद्यावर मापा आणि पूर्ण उंचीशी त्याचं प्रमाण काढा. त्यासाठी वाड्यापासूनचं अंतरसुद्धा मापावं लागत नाही.

आता पत्र्यात दुसरं भोक पाडा, पहिल्यापासून एक सेंटीमीटरवर. चित्रं दोन दिसतील. दहा भोकं पाडा, दहा चित्रं एकमेकांवर चढून धूसर उजेड होईल. मोठं भोक म्हणजे तरी दुसरं काय? लहान लहान भोकांची गर्दीच. म्हणून ५ मिलिमीटरच्या पत्र्यातून चित्र उजळ येतं पण पुसट येतं. त्या ५ मिलिमीटरच्या भोकासमोर साधं वाचायचं भिंग धरा आणि नळी मागेपुढे करा. एका ठराविक जागी चित्र एकदम लख्ख आणि रेखीव होईल, बाकी सगळीकडे पुसट. पिनहोलमध्ये फोकसची भानगड नव्हती, जवळचं-लांबचं सगळं सारखंच दिसत होतं. भिंगाने उजेड दिला आणि त्या बदल्यात फोकस सांभाळायला लावलं. आपला डोळाही हाच सौदा करतो.

तीन पणत्यांचा प्रयोग

रात्री करायचा आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. टेबलावर तीन पणत्या एका ओळीत, वीतभर अंतराने लावा. खोली अंधारी करा. समोर २ मिलिमीटर भोकाचा पत्रा लावलेला खोका ठेवा. पडद्यावर तीन उलट्या ज्योती दिसतील. आता डावीकडची पणती हाताने झाका. कुठली ज्योत गेली? उजवीकडची. बाकीच्या दोन जराही हलल्या नाहीत, फिक्या झाल्या नाहीत.

हा प्रयोग सुमारे हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैथम यांनी दिव्यांची रांग लावून केला होता. त्यांचा निष्कर्ष साधा आणि जबरदस्त आहे: तिन्ही दिव्यांचा प्रकाश त्या एवढ्याशा भोकातून एकाच वेळी जातो, तरी एकमेकांत मिसळत नाही. पाण्याच्या तीन धारा एका भोकातून काढल्या तर पलीकडे एकच धार निघेल. प्रकाशाचं तसं नाही. पणत्यांऐवजी लाल, हिरव्या आणि निळ्या जिलेटिन कागदाने झाकलेले टॉर्च ठेवून बघा, भोकात तिन्ही रंग एकत्र येतात आणि पडद्यावर पुन्हा वेगवेगळे होतात.

भोक जितकं बारीक तितकं चित्र रेखीव?

इथे मुलांचा आणि पुष्कळ मोठ्यांचाही अंदाज चुकतो. २ वरून १, १ वरून ०.५ मिलिमीटरवर आलात की चित्र रेखीव होत जातं. म्हणून ०.१ चं भोक आणखी रेखीव देईल असं वाटतं. ते तसं देत नाही. फार बारीक भोकातून जाताना प्रकाश कडेला पसरतो, कारण तो शेवटी लहर आहे. चित्र पुन्हा पुसट होतं, शिवाय अंधारं. मध्ये कुठेतरी एक माप असं असतं जिथे दोन्ही पुसटपणा कमीत कमी असतात. इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८९१ मध्ये पिनहोल छायाचित्रणावर लिहिताना हा हिशोब मांडला.

घरगुती हिशोब असा: भोकापासून पडद्याचं अंतर मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, ०.०४५ ने गुणा. १०० मिलिमीटरला ०.४५ चं भोक, १२० ला ०.४९, २५० ला ०.७१. म्हणजे १० नंबरची सुई आपल्या कॅमेऱ्याला नेमकी बसते. हाच आकडा बरोबर का, हे तपासायला ०.३ आणि ०.८ चे पत्रेही करा आणि दूरच्या दुकानाची पाटी कुठल्या पत्र्यातून वाचता येते ते बघा.

आपल्या इंदुरात राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन आहे, म्हणजे इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेगाने गोल फिरवून त्यांच्यापासून प्रकाश आणि एक्स-रे मिळवणारं यंत्र. जगभरच्या सिंक्रोट्रॉनांमध्ये इलेक्ट्रॉनांच्या झोताचा आकार बघायला एक्स-रे पिनहोल कॅमेरा वापरतात, कारण एक्स-रे काचेच्या भिंगाने वळवता येत नाहीत. त्या कॅमेऱ्यातही हीच ओढाताण असते: भोक मोठं की बारीक.

सूर्य मापायचा

सूर्याचं चित्र मिळवायला खोका लागतच नाही. छोट्या आरशावर काळा कागद चिकटवा, कागदात ५ मिलिमीटरचं भोक ठेवा. आरसा उन्हात खिडकीच्या चौकटीवर टेकवून उजेड अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर पाडा. अंतर ५ मीटर असेल तर भिंतीवर साधारण ५ सेंटीमीटरचा गोल दिसेल. आरशाचा कवडसा कोणाच्याही डोळ्यात जाणार नाही याची काळजी घ्या.

पहिला प्रश्न: तो गोल का? भोक गोल आहे म्हणून? मग कागदात त्रिकोणी भोक करा. आता हातात पांढरा पुठ्ठा घेऊन आरशापासून वीतभर अंतरावर धरा, त्यावर स्वच्छ त्रिकोण दिसेल. पुठ्ठा हळूहळू लांब नेत जा. आधी त्रिकोणाचे कोपरे मऊ पडतात, मग बाजू फुगतात, आणि भिंतीशी पोचेपर्यंत पुरता गोल होतो. जवळ दिसत होता तो भोकाचा आकार, लांब दिसतो तो सूर्याचा. निंबाखालच्या सावलीत जे गोल कवडसे पडतात ते यामुळेच. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, कवडसे तरी गोलच. २५ ऑक्टोबर २०२२ ला, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी खंडग्रास ग्रहण लागलं तेव्हा हेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात हे दाखवायची चांगली संधी होती.

दुसरा प्रश्न: सूर्य केवढा? गोलाचा व्यास बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत मापा, त्यातून भोकाचे ५ मिलिमीटर वजा करा. ५ मीटरवर साधारण ४६ ते ४७ मिलिमीटर उरतील. ४६.५ ला ५००० ने भागा आणि सूर्याच्या १५ कोटी किलोमीटर अंतराने गुणा. उत्तर १४ लाख किलोमीटरच्या जवळ येईल. सूर्याचा खरा व्यास सुमारे १३.९ लाख आहे. एक आरसा आणि एक मोजपट्टी यांनी इतकं जवळ जाता येतं, हे मुलांना स्वतः भागाकार करून कळू द्या.

तिसरा प्रश्न: गोल किती वेगाने सरकतो, आणि का? त्याच्या कडेला पेन्सिलीने खूण करा आणि घड्याळ लावा. गोल सरकताना डोळ्यांना दिसतो, मिनिटाला सुमारे २ सेंटीमीटर. स्वतःच्या रुंदीएवढं सरकायला त्याला दोन-सव्वादोन मिनिटं लागतात. सरकतोय तो गोल, फिरतेय ती पृथ्वी.

खोलीचाच कॅमेरा

उन्हाळ्यात आपण दुपारी खिडक्या लावून, पडदे ओढून बसतोच. एका खिडकीवर पुठ्ठा बसवा, कडा टेपने बंद करा, दाराखालची फट चादरीने बुजवा आणि पुठ्ठ्यात १ सेंटीमीटरचं भोक पाडा. समोरच्या भिंतीवर किंवा टांगलेल्या पांढऱ्या चादरीवर रस्ता उलटा उतरेल. हिशोबाने ३ मीटरला अडीच मिलिमीटरचं भोक हवं, पण तेवढ्याने चित्र फार अंधारं येतं, म्हणून थोडा रेखीवपणा सोडून उजेड घ्यायचा. बाहेरचा देखावा समोरून उन्हात न्हालेला हवा. सकाळी पश्चिमेची खिडकी घ्या, दुपारनंतर पूर्वेची. अंधारात दहा मिनिटं बसल्यावर रंग दिसू लागतात. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात गोपुराची उलटी प्रतिमा भिंतीवर पडते, ती याच रीतीने.

फोटो काढायचा

सोपा रस्ता आधी. बघायच्या खोक्याच्या उघड्या तोंडाला मोबाइल लावा, फटी कापडाने बुजवा, पडद्यावर फोकस लॉक करा आणि नाइट मोडमध्ये फोटो घ्या. मुलांचं यात समाधान होतं.

पण खरा पिनहोल फोटो हवा असेल तर कृष्णधवल ब्रोमाइड कागद लागतो, म्हणजे प्रकाश पडेल तिथे काळा होणारा फोटोचा कागद. तो ऑनलाइन मिळतो, बंद पडलेल्या स्टुडिओत जुना साठाही मिळतो. कॅमेरा म्हणून दुधाच्या पावडरचा पत्र्याचा डबा घ्या, साधारण १२ सेंटीमीटर व्यासाचा. आतून काळा करा, भिंतीत मध्यावर खिडकी कापून ०.५ मिलिमीटरचा पत्रा बसवा, बाहेरून काळ्या टेपची झडप लावा. हीच शटर. प्लास्टिकच्या झाकणातून उजेड झिरपतो, त्यावर आतून काळा कागद आणि बाहेरून टेप लावा. गळती तपासायला मोबाइलचा टॉर्च चालू करून डब्यात ठेवा, झाकण लावा आणि अंधाऱ्या खोलीत डबा चहूबाजूंनी बघा.

न्हाणीघर रात्री चांगली डार्करूम होते. हा कागद लाल उजेडाला जवळजवळ आंधळा असतो, म्हणून लाल बल्ब चालतो. तुमचा बल्ब खरंच सुरक्षित आहे का ते असं बघा: कागदाच्या तुकड्यावर नाणं ठेवून त्या उजेडात पाच मिनिटं राहू द्या, मग डेव्हलप करा (कसं ते पुढे येतंच). नाण्याचा गोल उमटला तर बल्ब बदला. ठीक असेल तर कागद डब्यात भोकासमोरच्या भिंतीला, चकचकीत बाजू भोकाकडे करून टेकवा.

आता किती वेळ उघडायचं? भोकापासून कागदाचं अंतर भागिले भोकाचं माप, म्हणजे १२० भागिले ०.५, म्हणजे २४० हा या कॅमेऱ्याचा एफ-आकडा. कागदाची संवेदनशीलता आयएसओ ६ च्या आसपास धरली तर कडक उन्हात ३५ ते ४० सेकंद येतात. पातळ ढगात दोन-तीन मिनिटं, सावलीत पाच-सहा. संध्याकाळचं पिवळं ऊन डोळ्यांना लख्ख वाटलं तरी त्यात निळा प्रकाश कमी असतो आणि कागदाला निळाच मुख्यतः दिसतो, तेव्हा वेळ दुप्पट करा. डबा हलू नये म्हणून तांदळाच्या पुरचुंडीवर दाबून बसवा. राजवाड्याच्या चौकात ४० सेकंदांचा फोटो काढलात तर वाडा येईल, माणसं आणि गाड्या येणार नाहीत. चालता माणूस कुठल्याच एका जागी पुरेसा वेळ थांबत नाही. जो पाणीपुरी खात उभा राहिला तोच उमटतो.

धुण्यासाठी तीन ट्रे: चित्र उमटवणारा डेव्हलपर, ते काम थांबवणारा, पाण्यात पातळ केलेला पांढरा व्हिनेगर, आणि चित्र पक्कं करणारा फिक्सर, ज्याला जुने स्टुडिओवाले हायपो म्हणतात. रेझिन कोटेड, म्हणजे प्लास्टिकचा लेप असलेल्या कागदाला डेव्हलपरमध्ये दीड मिनिट, व्हिनेगरमध्ये अर्धं मिनिट, साध्या हायपोत पाच मिनिटं, मग वाहत्या पाण्यात पाच मिनिटं. डेव्हलपर २० अंशांवर हवा. मे महिन्यात आपल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी त्याच्या कितीतरी वर असतं आणि कागद बघता बघता काळा पडतो. डेव्हलपरचा ट्रे बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवा, बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नका. ट्रे, मग, चमचे पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचे नाहीत, हातमोजे घालायचे. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते, ते मोरीत न ओतता प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवून चांदी काढणाऱ्यांकडे द्या.

हातात निगेटिव्ह येतो: आकाश काळं, सावल्या पांढऱ्या. मोबाइलने फोटो घेऊन रंग उलटे करा, पॉझिटिव्ह मिळेल. अशा रसायनांच्या वासातच या शहरात एका थोर छायाचित्रकाराची सुरुवात झाली. लाला दीनदयाळ १८६६ मध्ये इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रकं करायला आले, इथे १८७४ च्या सुमारास कॅमेऱ्याकडे वळले आणि पुढे निजामाकडून ‘राजा’ किताब मिळवला. मुलांना कागद धुताना हे जरूर सांगा.

सहा महिन्यांचा सूर्य एका कागदावर

हा शेवटचा प्रकार मला सगळ्यात आवडतो आणि त्याला रसायनं लागतच नाहीत. कोल्ड्रिंकच्या कॅनचं वरचं तोंड कापा, भिंतीच्या मध्यावर ०.३५ मिलिमीटरचं भोक पाडा, लाल उजेडात ब्रोमाइड कागद आत गुंडाळून बसवा, कागदाच्या दोन कडांमधली फट भोकावर येऊ द्या, म्हणजे भोक झाकलं जाणार नाही. तोंड काळ्या कागदाने आणि भरपूर टेपने बंद करा. जुना, मुदत संपलेला कागदही चालतो. कॅन दक्षिणेकडे तोंड करून गच्चीच्या कठड्याला घट्ट बांधा आणि विसरा.

पण युरोपातल्या लोकांसारखा तो उभा बांधू नका. ६.६ सेंटीमीटर व्यासाच्या आणि ११.५ सेंटीमीटर उंचीच्या उभ्या कॅनला क्षितिजापासून जेमतेम ४१ अंश उंचीपर्यंतचं आकाश दिसतं. इंदूर २२.७ अंश उत्तरेला, कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. इथे २२ डिसेंबरलाही मध्यान्हीचा सूर्य ४४ अंशांवर असतो, मार्चच्या विषुवदिनी ६७ अंशांवर आणि जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी थेट डोक्यावर. उभ्या कॅनला दुपारचा सूर्य वर्षभर कधीच दिसणार नाही, फक्त सकाळ-संध्याकाळचे तुकडे येतील. म्हणून कॅन मागे ५० अंश कलता बांधा, भोक आकाशाकडे बघेल असा. कोन मापायला कंपासपेटीतला कोनमापक आणि ओळंबा पुरतो. भोकावर पाणी साचू नये म्हणून वर पत्र्याची छोटी छपरी लावा, पण ती भोकासमोर येऊ देऊ नका.

२२ डिसेंबरला बांधा आणि मृगाचा पाऊस जोर धरण्याआधी, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उतरवा. मंद उजेडात कागद बाहेर काढा. तो डेव्हलप करायचा नाही, फिक्सही करायचा नाही. उन्हाने त्यावर रेघा आधीच जाळलेल्या असतात, रोजची एक कमान. रंग उलटे केल्यावर डिसेंबरची कमान सगळ्यात खाली दिसते, जूनची सगळ्यात वर, आणि तुटक्या रेघा म्हणजे ढगाळ तास. माळव्यातल्या मावठ्याचे, म्हणजे हिवाळी पावसाचे, दिवस तुम्हाला जानेवारीच्या कमानींत बोट ठेवून दाखवता येतील. स्कॅनरच्या दिव्यानेही हा कागद काळवंडतो, तेव्हा प्रीव्ह्यू न घेता थेट ६०० डीपीआयला, रंगीत मोडमध्ये एकदाच स्कॅन करा आणि कागद काळ्या पाकिटात घालून ठेवा.